डबल बेलचा लॅपटॉप

आमच्या फ्रीजचं दार गेल्या वर्षापासून दोरीने बांधलेलं आहे. रबर गेलंय, दार आपोआप उघडतं आणि दूध नासतं. नव्या फ्रीजसाठी मी पैसे बाजूला ठेवले होते. त्या पैशांचा लॅपटॉप आला. तोही गेम खेळायला. आणि खेळणार कोण, तर आमचे हे, ज्यांना मोबाइलवरून फोटो पाठवायचा म्हटलं तरी घाम फुटतो. शेजारणीने मला वेड्यात काढलं. तुम्ही आधी सगळं ऐकून घ्या आणि मग काय काढायचं ते काढा.

आम्ही दोघं एकाच डेपोत होतो. हे ड्रायव्हर, मी कंडक्टर. आमचं लग्न जमलं तेच मुळी बसच्या आरशात. हे समोरच्या आरशातून मागची गर्दी बघायचे, निदान ह्यांचं म्हणणं तसं, आणि मी तिकिटं देता देता मान वर केली की नेमकी नजरानजर व्हायची. माझ्या आईला स्थळ पसंत नव्हतं. ती म्हणाली, ड्रायव्हर माणूस, जन्मभर तुझ्याकडे पाठ करून बसेल. मी म्हटलं, बरंय की, निदान तोंड तरी चालवणार नाही. इथे माझा अंदाज साफ चुकला.

ड्युटीवर कायदा एकच. एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला. गाडी ह्यांच्या हातात, पण सुटायची माझ्या डबल बेलवर. मागे कोण चढतंय, कोणाचा पाय अजून पायरीवर आहे, कोण पिशवी सावरत धावत येतंय, हे ड्रायव्हरला कळत नाही. ते कंडक्टरने बघायचं. घरी हे मला "अगं" म्हणायचे, पण गाडीत मी "मास्तर". उशीर व्हायला लागला की आरशात बघून विचारायचे, "मास्तर, सोडायची का?" नवऱ्याने बायकोला विचारल्याशिवाय जागचं हलायचं नाही आणि वर त्याचा पगार घ्यायचा, अशी दुसरी नोकरी जगात नसेल.

पुढे मी निवृत्त झाले आणि मागोमाग ह्यांचा डावा डोळा अधू झाला. समोरचं लख्ख दिसतं, डाव्या बाजूने येणारं दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी बंद केली. हे घरी बसले आणि माझ्या मागे लागले. माणसाच्या हातातलं स्टिअरिंग काढून घेतलं की तो घरच चालवायला बघतो. चहा लेट का, भाजी वेळेच्या आधीच का, कपडे वाळत घालायला हा मार्ग का घेतलास, बाल्कनीतून जवळ पडतं. जावयाच्या गाडीत शेजारी बसले की उजवा पाय सारखा जमिनीत दाबत राहायचे. तिथली चटई घासून भोक पडलं, म्हणून जावईबापूंनी ह्यांना मागे बसवायला सुरुवात केली. मी वैतागून गेले होते. दुपारी घटकाभर पाठ टेकायची तर उशाशी येऊन विचारायचे, "आज गाडी डेपोतच का?"

मग एके दिवशी डेपोतून मॅनेजरचा फोन आला. "काकू, जरा येऊन काकांना घेऊन जाता का?"

मी गेले. आवारात एक रिकामी बस उभी होती आणि ड्रायव्हरच्या सीटवर आमचे हे, दोन्ही हात स्टिअरिंगवर. ज्याची ड्युटी होती तो बिचारा डबा हातात घेऊन खाली उभा होता. मॅनेजर भला माणूस, आवाज चढवला नाही. म्हणाला, "काकू, वरून कोणी आलं असतं तर माझी नोकरी गेली असती. पुन्हा असं झालं तर गेटवर सांगून ठेवावं लागेल, काकांना आत सोडू नका म्हणून." हे ते ऐकत होते. गपचूप उतरले. उतरताना दांड्याला धरून क्षणभर थांबले, एवढंच.

त्या दिवसापासून हे गप्प झाले. मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मी चहा मुद्दाम उशिरा दिला, तरी हूं की चूं नाही. भाजीत मीठ दुप्पट घातलं, खाल्ली आणि ताट उचलून ठेवलं. दुपारी मी निवांत आडवी झाले आणि मला झोप येईना, कारण उशाशी कोणी येत नव्हतं. तेव्हा मात्र मी घाबरले. टोकणारा माणूस टोकायचा थांबला की घरातलं काहीतरी बंद पडलेलं असतं.

तोडगा जावईबापूंनी काढला. आमचे जावईबापू सगळ्या विषयांतले तज्ज्ञ आहेत, कारण प्रत्येक विषयाचा एक व्हिडिओ त्यांनी बघितलेला असतो. ते स्वतः संगणकावर शेतीचा गेम खेळतात. घरातल्या कुंडीला पाणी घालायचा त्यांना कंटाळा, पण स्क्रीनवर रोज ट्रॅक्टर घेऊन डोंगर नांगरून येतात. ते म्हणाले, "आई, बस चालवायचाही गेम असतो. अगदी खऱ्यासारखा. आरसे, दारं, प्रवासी, वेळापत्रक, सगळं. स्टिअरिंग आणि पेडलही जोडता येतात. बाबांना समोरचं नीट दिसतं ना? मग झालं."

"आणि धडकली तर?"

"तर पुन्हा सुरू करायचं."

ही सोय नोकरीत असती तर काय बहार आली असती. मी ठरवलं, फ्रीज राहू दे, दोरी घट्ट आहे. ह्यांचं तोंड उघडायला हवं आणि मला माझी दुपार परत हवी. हे बसतील बस घेऊन, मी पडेन पाय पसरून. माझा स्वार्थ मी लपवत नाही.

जावईबापूंनी वाटेतच शिकवणी सुरू केली. साध्या कामाला साधा लॅपटॉप पुरतो, पण असल्या गेमला प्रोसेसर दमदार लागतो, रॅम भरपूर लागते, आणि मुख्य म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, नाहीतर चित्र अडखळतं. मी म्हटलं, "ते सगळं घ्या, फक्त फ्रीजच्या किमतीत बसवा." हे खिडकीतून बाहेर बघत होते.

दुकान चपलांच्या दुकानाच्या वर होतं, अरुंद जिन्याने गेल्यावर. लांबलचक टेबलावर लॅपटॉप वायरीने बांधून ठेवलेले, आणि कोपऱ्यात छताजवळ एक मोठा गोल आरसा, चोरांवर नजर ठेवायला. दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवलेला होता आणि प्रत्येक यंत्रावर थाप मारून तो म्हणत होता, "राक्षस आहे, राक्षस." मी मनात त्याचं नाव राक्षसवाले ठेवून टाकलं. टेबलाच्या कडेला त्यांनी दाखवायचं स्टिअरिंग बसवलेलं होतं आणि खाली, टेबलाच्या पोटात, पेडल. हे खुर्चीवर बसले. मी मागे स्टुलावर बसले. जावईबापू शेजारी उभे राहिले, हाताची घडी घालून, तज्ज्ञासारखे.

पहिला लॅपटॉप पातळ, चकचकीत आणि स्वस्त. स्क्रीनवर सकाळचं रिकामं स्टँड आलं, एक बस आली, प्रवासी चढले. जावईबापूंनी कुठलं बटण कशाचं ते सांगितलं. ह्यांनी इंजिन सुरू केलं, दारं लावली, स्टिअरिंगवर हात ठेवले. इंजिनची घरघर ऐकू येत होती. बस जागची हलेना.

"चला बाबा," जावईबापू म्हणाले.

बस उभी. आतले प्रवासी पुतळ्यांसारखे बसलेले.

"चालत नाही का, काका?" राक्षसवाल्यांनी विचारलं.

"नाही चालत," हे म्हणाले.

"अडकलं. मला वाटलंच होतं. ह्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही ना. ऑफिसच्या कामाला हा राक्षस आहे, पण गेम म्हणजे वेगळी गोष्ट."

त्यांनी वायरी काढून दुसऱ्याला लावल्या. हा गेल्या वर्षीचा, काळा, जाडजूड, एका कोपऱ्यावर ओरखडा. ह्यात छोटं ग्राफिक्स कार्ड होतं आणि किंमत बरोबर फ्रीजएवढी. पुन्हा स्टँड, पुन्हा प्रवासी, पुन्हा दारं बंद. बस उभी.

"रॅम कमी पडतेय," राक्षसवाले म्हणाले.

"बॉटलनेक," जावईबापू म्हणाले.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे आई, बाटली मोठी असली तरी तोंड लहान असतं."

"तुमच्या सासऱ्यांचं हल्ली तसंच झालंय," मी म्हटलं. ह्यांनी मान वळवली नाही.

तिसऱ्याच्या बटणांखालून लाल, निळे, हिरवे दिवे फिरत होते, सर्कशीच्या तंबूसारखे. किंमत एक फ्रीज आणि एक वॉशिंग मशीन. बस उभी. आता राक्षसवाल्यांच्या डोळ्यांत चमक आली. "काका जुने जाणकार दिसतात. त्यांना हलकं यंत्र चालणारच नाही," असं म्हणत त्यांनी किल्ली घेऊन आतलं कपाट उघडलं. चौथा बाहेर आला. त्याची किंमत एक फ्रीज, एक वॉशिंग मशीन आणि वर एक चांगली शिलाई मशीन. मी मनातल्या मनात सगळं घर सजवून मोकळी झाले.

एवढ्या वेळात एक गोष्ट कोणीच विचारली नव्हती. सासऱ्याला, तेही उभा जन्म बस चालवलेल्या सासऱ्याला, "तुम्ही पेडल दाबलंत का?" असं विचारायची छाती जावईबापूंची नव्हती. राक्षसवाल्यांना तर विचारायची गरजच नव्हती, बस जितकी उभी तितका त्यांचा धंदा पुढे. आणि मी किमतीच्या चिठ्ठ्या बघत बसले होते.

चौथ्यावरही दारं बंद झाली आणि बस उभी राहिली. "आता ह्याच्याही वरचा आहे, पण तो मागवावा लागेल," असं राक्षसवाले म्हणाले, तेव्हा मी देवाचा धावा करायला म्हणून छताकडे बघितलं. तिथे तो गोल आरसा होता. आरशात आमचे हे होते. मान थोडी वर, आणि डोळे माझ्यावर.

ती नजर मी ओळखत नाही असं कसं होईल. मी वाकून टेबलाखाली बघितलं. ह्यांचा उजवा पाय ब्रेकवर, अगदी तळापर्यंत दाबलेला. स्वारी चारही लॅपटॉपवर ब्रेक दाबून बसली होती. यंत्रं बिचारी निर्दोष. हे माझी वाट बघत होते. आणि आपण कशाची वाट बघतोय हे ह्यांचं ह्यांनाही कळलेलं नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

मी पर्समधून घराच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि स्टुलाच्या लोखंडी पायावर दोनदा वाजवला. टण, टण.

बस निघाली.

झटका नाही, घाई नाही. स्टँडमधून बाहेर, उजवीकडे वळण, आणि मग सरळ रस्ता. जावईबापूंचे हात घडीतून सुटले. हे समोर बघत होते आणि बघता बघता म्हणाले, "मागचं दार लागलं का गं?"

डेपोतून घरी आणल्यापासून ह्यांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न. "लागलं," मी म्हणाले. मला आणखी काही बोलायचं होतं, पण दुकानात रडायला मला आवडत नाही.

"बघितलंत?" राक्षसवाले टाळी वाजवून म्हणाले. "शेवटी ह्याच राक्षसाने ओढली. बिल करू?"

"थांबा," मी म्हटलं. "आता तो पहिला लावा."

"काकू, तो चालत नाही हे आपण बघितलं ना."

"लावा तर खरं."

पहिला लावला. टण, टण. बस निघाली. राक्षसवाल्यांचा चष्मा कपाळावरून घसरून नाकावर आला. ते एकदा माझ्या किल्ल्यांकडे बघत होते, एकदा स्टुलाकडे. पण वळणावर चित्र अडखळायला लागलं आणि आमचे हे कडाडले, "आचके देतेय. ह्यात बसून म्हातारी माणसं पडतील." त्यांचा तो आवाज ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. माझ्यावर ओरडले असते तरी चाललं असतं.

मग तो काळा, ओरखडा पडलेला. टण, टण. हा सुरळीत निघाला. लांबची झाडं जरा धूसर दिसत होती. राक्षसवाल्यांनी लगेच ते बोट ठेवून दाखवलं. हे म्हणाले, "मी झाडं बघायला बसत नाही." शहराला एक पूर्ण फेरी मारून झाल्यावर ह्यांनी बस थांबवली, उठून लॅपटॉपच्या मागच्या जाळीजवळ हाताची मागची बाजू धरली, कान लावून पंख्याचा आवाज ऐकला आणि टेबलाला एक चक्कर मारली. डेपोतून गाडी ताब्यात घेण्याआधी हे असंच करायचे. "तापतो, पण हवा बाहेर टाकतो. आवाज एकसारखा आहे. हा घ्या."

"बाबा, रॅम मात्र वाढवून घेऊ. ह्यात एक जागा रिकामी आहे," जावईबापू म्हणाले. हे त्यांचं म्हणणं योग्य होतं, आणि एवढा वेळ बाटलीबिटली काढून बसल्यावर एक तरी योग्य गोष्ट त्यांच्या नावावर लागायला हवी होती. जास्तीची रॅम आणि ते वापरलेलं स्टिअरिंग, पेडलांसकट, मी त्याच किमतीत पदरात पाडून घेतलं. भर गर्दीत फुकट्या प्रवाशाला तिकीट घ्यायला लावणारी बाई मी, राक्षसवाले कुठे पुरणार. शेवटी उरलेले पैसे परत करायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "काकू, सुट्टे नाहीत हो."

"हे वाक्य मी नोकरीभर लोकांना ऐकवलंय," मी म्हटलं. "ते मला ऐकवू नका." त्यांनी निमूटपणे एक माउस दिला.

घरी जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. टेबल फ्रीजसमोरच आहे. मला दुपार मोकळी हवी होती, म्हणून मी जावईबापूंना आधीच सांगून ठेवलं होतं, काहीतरी युक्ती करा. त्यांनी बेलचा आवाज शोधून आणला आणि एका बटणावर बसवला. बटण दाबलं की टण, टण. "बाबा, आता तुम्ही स्वतंत्र," असं म्हणून ते आपली शेतं नांगरायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. ह्यांनी गाडी लावली. मी आतल्या खोलीत पाय पसरले आणि डोळे मिटले. बाहेरून इंजिनची घरघर येत होती. बराच वेळ नुसती घरघरच येत राहिली. बेल नाही.

"निघाली का हो?" मी आतून विचारलं.

तरी घरघरच. मी चरफडत उठून बाहेर आले. स्क्रीनवर बस स्टँडवर उभी, दारं बंद, सगळे पुतळे जागेवर. लॅपटॉपच्या वर, भिंतीला, माझा भांग पाडायचा आरसा खिळ्याला टांगलेला. आणि ह्यांच्या मागे, फ्रीजला लागून, माझी खुर्ची ठेवलेली. खुर्चीवर उशी.

"ते बटण दिलंय ना जावईबापूंनी?"

"दिलंय."

"मग दाबा की."

"स्वतःच बेल मारायची आणि स्वतःच निघायचं? ही काय पद्धत झाली?" हे आरशाकडे बघत म्हणाले. मग आवाज खाली आला. "डावीकडचं मला दिसत नाही गं. मागे कोणी राहिलं तर?"

करायला गेले एक आणि झालं भलतंच. मोठ्या हिकमतीने दुपार मिळवायला निघाले आणि निवृत्तीनंतर पुन्हा कामावर रुजू झाले, तेही बिनपगारी. मी खुर्चीवर बसले. किल्ल्या आत राहिल्या होत्या. हाताशी फक्त फ्रीजची दोरी होती. मी स्वयंपाकघरातून दोन चमचे आणले, दोरीला जोडीने लटकवले आणि दोरी ओढून बघितली. चांगली वाजत होती. गाडीतही दोरीच असायची.

हे आरशात बघत वाट पाहत होते. मी दोरी हातात धरली आणि ओढली नाही. इतके दिवस तोंड शिवून मला घाबरवलं होतं, त्याचा थोडा तरी हिशेब व्हायला नको का? मी साडी सारखी केली. उशी उलटी करून बघितली. वेळापत्रक चुकायला लागलं तसा स्क्रीनच्या कोपऱ्यात एक लाल आकडा लुकलुकू लागला. ह्यांचा पाय ब्रेकवर चुळबुळत होता, पण सुटला नाही. शेवटी आरशातून आवाज आला, ड्युटीवरचा, अदबीचा.

"मास्तर, सोडायची का?"

मी एकदा मागे वळून बघितलं. मागे फ्रीजच होता. तरी बघितलं, कारण न बघता बेल द्यायची नसते. मग दोरी दोनदा ओढली.

बस निघाली, फ्रीजचं दार उघडलं आणि ह्यांनी आरशातूनच मला सांगितलं, दार लावून घ्या.